बारावी ओळ

मित्रांनो, मला तुम्ही हातात धरू शकणार नाही. मला रंग नाही, वजन नाही, आणि खाली पडून मी कधी फुटणारही नाही. सगळा मिळून मी एकोणीस ओळींचा. कॉम्प्युटरवर मजकूर लिहिण्यासाठी जो एडिटर असतो, त्यात रोजची बारीकसारीक कामं एका बटणाला बांधून ठेवता येतात. बटण दाबलं की ती सगळी कामं एकामागून एक होतात, मधे कुणाला विचारावं लागत नाही. अशा बांधलेल्या कामांना मॅक्रो म्हणतात. मुकुंदवाडीत पिठाच्या गिरणीवरच्या मजल्यावर टायपिंगचं एक दुकान आहे, तिथला मी जुना मॅक्रो. माझं बटण एफ नाईन.

बढाई मारायची मला पहिल्यापासून खोड. चार वर्षांपूर्वी भेटला असतात तर माझं कौतुक ऐकून तुमचे कान किटले असते. आज तसं काही नाही. आज जे सांगतोय त्याची मला लाज वाटते, आणि मधे कुठं अडखळलो तर तेवढं सांभाळून घ्या.

दुकान सगीराआपांचं. मराठी, उर्दू, इंग्रजी, तिन्हीत त्यांचा हात सारखाच चालतो. विद्यापीठात देण्याचे प्रबंध, संस्थांच्या स्मरणिका, कॉलेजची नियतकालिकं असली कामं त्यांच्याकडं येतात. प्रबंधात कोष्टकं आणि समीकरणं फार असली की साध्या टायपिंगनं भागत नाही. एक पान वाढलं की पुढचे सगळे आकडे चुकतात. म्हणून आपा लाटेक शिकल्या. त्यात मजकुराबरोबर सूचनाही लिहायच्या असतात, की इथून कोष्टक सुरू, इथं संपलं, हे शीर्षक, ही तळटीप. मग पानं कॉम्प्युटर स्वतः लावतो. पुस्तकासारखं देखणं पान निघतं, पण त्या सूचना लिहून लिहून आपांचं मनगट सुजायचं. शेवटी त्यांनी एका रविवारी बसून बटणं बांधली. एफ फाइव्हला कोष्टकाचा सांगाडा, एफ सिक्सला तळटीप, आणि एफ नाईनला मी.

माझं काम झाडलोटीचं. दोन शब्दांत दोन जागा सुटल्या असतील तर एक करायची. सरळ अवतरणचिन्हं वळवायची. 'पृ.' आणि त्याच्या पुढचा आकडा वेगवेगळ्या ओळींत जाऊ द्यायचे नाहीत. जन्मलो तेव्हा मी पाच ओळींचा होतो. काम आलं की आपा एखादी ओळ वाढवायच्या. फाइल बाइंडिंगला जाण्याआधी सगळ्यांत शेवटी त्या मला दाबायच्या आणि म्हणायच्या, "चल, झाडू मार." दुकानात माझं नावच झाडू पडलं. मला ते आवडायचं.

बाराव्या ओळीचं सांगतो, कारण सगळं तिथंच आहे. आपांकडं आप्पासाहेब नावाचे एक निवृत्त मुख्याध्यापक आले होते. त्यांच्या संस्थेला पन्नास वर्षं झाली होती आणि स्मरणिका काढायची होती. शेवटच्या पानांवर संस्थेच्या वारलेल्या शिक्षकांची आणि देणगीदारांची दोनशे नावं होती. ज्याच्या त्याच्या घरच्यांनी आपल्या पद्धतीनं नाव पाठवलेलं. कुणी स्वर्गीय, कुणी नुसतं स्व., कुणी दिवंगत, कुणी कै., म्हणजे कैलासवासी, आणि बौद्ध घरांनी कालकथित. आप्पासाहेबांनी चष्मा पुसत पान पाहिलं आणि म्हणाले, हे कसं खिचडी दिसतंय, सगळ्यांना कै. करून टाका, पान एकसारखं दिसलं पाहिजे. माणूस वाईट नव्हता. त्यांना फक्त पान दिसत होतं.

दोनशे नावं हातानं कुठं बदलत बसायची? आपांनी मला एक ओळ वाढवली. इतके शब्द सापडले की त्या जागी कै. घालायचं. मी डोळ्याचं पातं लवायच्या आत केलं. स्मरणिका निघाली, आप्पासाहेब पेढे घेऊन आले, तक्रार कुणाचीच आली नाही. तक्रार नाही म्हणजे सगळं ठीक, असं आम्ही समजून बसलो. ती ओळ तेव्हाच काढायला हवी होती. तिची गरज त्या एका कामापुरती होती. पण आपांना दुसरं काम आलं आणि ओळ राहिली ती राहिलीच. ती कशासाठी आहे, अशी टीपही शेजारी कुणी लिहिली नाही.

पुढची नऊ वर्षं माझी चैन होती. जुना कॉम्प्युटर गेला, नवा आला, जुन्या फायलींबरोबर मी पेन ड्राइव्हवर बसून इकडून तिकडं गेलो. विद्यापीठातले एक सर आपांना म्हणाले होते की, तुमच्या दुकानातून आलेल्या प्रबंधात चूक शोधून सापडत नाही. मला वाटलं, हे माझंच कौतुक. आपांकडं काम शिकलेल्या मोनिकानं गंगापूरला स्वतःचं दुकान टाकलं, तेव्हा ती माझी एक प्रत सोबत घेऊन गेली. म्हणजे मी आता दोन तालुक्यांत काम करत होतो. माझा तोरा काय विचारता!

पण मित्रांनो, या नऊ वर्षांत नवी ओळ शेवटी चिकटवली गेली, तरी पहिल्या ओळीपासून एकदाही मला कुणी वाचलं नाही. दाबायचे सगळे, वाचायचं कुणी नाही. मला तेव्हा त्याचं दुःख नव्हतं. उलट वाटायचं, किती भरवसा आहे माझ्यावर.

मग करुणा आली. पाचोडची पोरगी, इथं एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची. पैठण तालुक्यातल्या आठवडी बाजारांवर तिनं सात वर्षं अभ्यास केला होता. एकशे बारा कोष्टकं होती. कोण विक्रेता कुठल्या गावचा, किती वर्षं त्याच जागी बसतो, जागा कुणाकडून मिळाली, असं सगळं. तिनं प्रश्नावली सगळ्यांत आधी जिच्याकडून भरून घेतली, ती तिची आईच होती. कडूबाई. एकतीस वर्षं पाचोडच्या बाजारात सुक्या मिरचीचं पोतं मांडून बसायची. प्रबंध पूर्ण व्हायच्या दोन वर्षं आधी ती गेली.

करुणा आणि आपांची चांगली गट्टी जमली होती. कोष्टक पानाबाहेर गेलं की दोघी मिळून कपाळावर हात मारायच्या. सगळं झालं, प्रुफं तीनदा वाचून झाली, तेव्हा करुणानं शेवटचा कागद दिला. अर्पणपत्रिका. ती तिच्या वडिलांनी, सर्जेरावांनी, आपल्या हातानं लिहिली होती. झेडपीच्या शाळेत ते शिपाई होते. अक्षर मोठं, गोल, एकेक शब्द जपून लिहिलेला. 'पाचोडच्या बाजारात एकतीस वर्षं मिरचीचं पोतं मांडून बसलेल्या आणि त्यावर लेकीला शिकवणाऱ्या कालकथित कडूबाई सर्जेराव वाहुळ यांस.'

"आपा, यातलं काही बदलू नका बरं," करुणा म्हणाली. "आबांनी चार दिवस बसून लिहिलंय."

आपांनी काना-मात्रा न बदलता टाइप केलं. करुणानं ते छापील पान वाचलं, खाली सही केली, तारीख घातली. शुक्रवारचा दिवस होता. रविवारी पाचोडला आईचा दुसरा स्मृतिदिन होता. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात प्रबंधाची पहिली प्रत आईच्या फोटोपुढं ठेवायची आणि आबांनी ते अर्पण सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं, असं घरात ठरलं होतं. सोमवारी विद्यापीठात प्रती द्यायची शेवटची तारीख. करुणा आनंदात जिना उतरून गेली.

आणि आपांनी सवयीनं मला दाबलं.

मी सगळा प्रबंध झाडला. जागा आवरल्या, अवतरणं वळवली, पृष्ठांक बांधले. कालकथित हा शब्द त्या तीनशे पानांत एकाच ठिकाणी होता. तो मी उचलला आणि तिथं कै. ठेवलं. खाली पट्टीवर आकडा आला, बदल दोनशे चौदा. एवढी घाण होती म्हणत आपा खूश झाल्या. ते दोनशे चौदा बदल कोणते, हे पाहायची आमच्या दुकानात रीतच नव्हती. ग्राहकाची सही आधी, माझा झाडू नंतर. उलटं असतं तर करुणालाच दिसलं असतं. सहा प्रती छापल्या, काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं. एक प्रत घेऊन करुणा शनिवारी एसटीनं पाचोडला गेली, पाच दुकानात राहिल्या.

रविवारी तिथं काय झालं ते मी पाहिलं नाही. सोमवारी सकाळी बापलेक दुकानात आले तेव्हा ऐकलं. फोटोपुढं मेणबत्त्या लावल्या होत्या, त्रिशरण-पंचशील झालं होतं, अंगणात सगळी वस्ती बसली होती. सर्जेरावांनी चष्मा लावून प्रबंध उघडला, वाचायला लागले, आणि नावाजवळ येऊन थांबले. लोकांना वाटलं, गहिवरून आलं असेल. शेजारच्या एकानं मदत म्हणून प्रत हातात घेतली आणि खणखणीत आवाजात पुढचं वाचलं. कै. कडूबाई. मग रूपामावशी, कडूबाईंची धाकटी बहीण, करुणाकडं बघून म्हणाली की, एवढी शिकलीस आणि आईलाच परत तिकडं नेऊन बसवलंस का. करुणा आत जाऊन बसली आणि कार्यक्रम संपेपर्यंत बाहेर आली नाही.

हे ती आपांना सांगत होती आणि मी ऐकत होतो. मला तोंड असतं तर मी ते लपवलं असतं.

"जय भीम, बाई," सर्जेराव आत येताच म्हणाले होते. आवाज चढला नव्हता. आपांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांनी प्रत टेबलावर ठेवली आणि ते पान उघडलं.

आपांचा पहिला शब्द होता, की मी तर जसंच्या तसं टाइप केलं होतं. खोटं नव्हतं ते. त्यांनी करुणाच्या सहीचं पान काढून दाखवलं, त्यावर कालकथितच होतं. मग बदललं कुणी? करुणा म्हणाली, तुमच्या हातून झालं नाही आणि माझ्याही नाही, मग पान काय आपोआप फिरलं?

सर्जेराव म्हणाले, "बाई, भांडाया नाय आलो. पर आमची ही जित्ती होती तवाच सांगून गेलती. म्हणायची, मला कैलासाला धाडू नका, माझं तिथं कोनी नाय. धम्म घेतला तवाच ती वाट सोडली आपन. तिचं एवढं एकच मागनं होतं, अन् ते माझ्या पुढ्यात मोडलं."

आपांनी दोन्ही पानं शेजारीशेजारी ठेवून ताडून पाहिली. मग त्यांना मी आठवलो. नऊ वर्षांनी त्यांनी मला पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. स्क्रीनवर बोट ठेवून एकेक ओळ वाचत त्या खाली आल्या. पाचवी, आठवी, अकरावी. बाराव्या ओळीवर बोट थांबलं.

मित्रांनो, एक गोष्ट मी तुमच्यापासून मघाशी लपवली. लाजेनं लपवली. आप्पासाहेबांच्या त्या दोनशे नावांत तीन नावं मरहूम अशीही होती. मुसलमान शिक्षकांची. आप्पासाहेब सगळ्यांनाच कै. करा म्हणाले होते. पण माझ्या बाराव्या ओळीच्या यादीत मरहूम हा शब्द नाही. तो कधीच नव्हता. त्या वेळी आपांनी तो गुपचूप वगळला होता, आणि तीन नावं तशीच राहिलेली आप्पासाहेबांच्या लक्षातही आली नव्हती.

आपांना ते आत्ता दिसलं. त्या स्क्रीनपासून बाजूला झाल्या आणि सर्जेरावांच्या समोर उभ्या राहिल्या.

"काका, कशाकशाचं कै. करायचं, ही यादी नऊ वर्षांपूर्वी मीच लिहिली. यात मरहूम नाय," त्या म्हणाल्या. "माझे अब्बा मरहूम आहेत. त्या शब्दाला हात लावायला माझं मन धजलं नाय. तुमच्या शब्दाला लावताना मैंने सोचा भी नहीं."

करुणानं मान खाली घातली. सर्जेरावांनी चष्मा काढून हातात धरला.

"व्हय," ते म्हणाले. "आपलं दुखतं ते आपल्याला कळतं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. बहुतेक आपांनाही वाटलं असावं.

मग धावपळ झाली. ते पान नव्यानं छापलं, मला न दाबता. सर्जेरावांनी स्वतः वाचून पाहिलं, शब्दावर बोट फिरवून पाहिलं. बाइंडरकडं जाऊन सहाही प्रती उसवल्या आणि पुन्हा शिवल्या. दुपारी चारला पाच प्रती घेऊन करुणा रिक्षानं विद्यापीठात गेली आणि वेळेत पोहोचली. प्रबंध बचावला. पण रविवार परत येणार नव्हता. अंगणात जमलेल्या माणसांच्या कानावर जे पडलं ते पडलंच, आणि कडूबाईंच्या पुढच्या स्मृतिदिनाला वर्ष होतं.

आपा मला पुसून टाकायला निघाल्या होत्या. सगळाच्या सगळा. मी त्याला राजी होतो. तेवढ्यात घरच्या प्रतीवर हात ठेवून बसलेल्या सर्जेरावांनी विचारलं, "अन् बाकीच्यांचं काय, बाई?"

"कुणाचं?"

"नऊ वर्षं चाललंय म्हनता. आमच्यासारखी अजून लई असतील."

मी काय बदललं त्याची मी कधी नोंद ठेवली नाही. मला त्या दिवशी प्रथमच कळलं की मी किती घरांत जाऊन आलोय ते मलाच माहीत नाही.

पण एडिटरची एक सवय चांगली असते. कुठलीही फाइल बदलली की आधीची एक प्रत तो बाजूला जपून ठेवतो. आपांनी जुन्या फायली उघडल्या आणि आधीच्या प्रतींशी ताडून पाहायला सुरुवात केली. सर्जेराव गेले नाहीत. पाचोडची शेवटची गाडी चुकेल म्हणून आपांनी सांगितलं, तर म्हणाले, उद्या जाईन, लेकीच्या खोलीवर राहीन. दुसऱ्या दिवशी ते सकाळीच परत आले. आपा नाव सांगायच्या आणि ते वहीच्या कागदावर आपल्या गोल अक्षरात लिहायचे. प्रत्येक नावाआधी ते कालकथित लिहीत होते. कुणाचे वडील, कुणाची आजी, एका ठिकाणी तर चार वर्षांची मुलगी. दुपारपर्यंत तेवीस नावं झाली.

तेवीस, मित्रांनो. आणि मी स्वतःला झाडू म्हणवून घेत होतो.

आपांनी फोन लावायला घेतले. पहिला मोनिकाला, की गंगापूरच्या प्रतीतली बारावी ओळ आत्ताच्या आत्ता काढ आणि तूही शोध. मग एकेका घरी. काहींचे नंबर बदलले होते. दोघांना काय झालं ते नीट कळेचना, आपांना तीनतीनदा समजावून सांगावं लागलं. एक बाई फोनवरच रडली. पान नव्यानं छापून, प्रत शिवून देते, हे आपा प्रत्येकाला सांगत होत्या.

अठरावं नाव राजकुमार नावाच्या एका शिक्षकाच्या वडिलांचं होतं. प्रबंध सहा वर्षांपूर्वीचा. आपांनी सगळं सांगितलं, माफी मागितली. फोन स्पीकरवर होता, सर्जेराव समोर बसले होते.

"आम्हाला त्याच दिवशी दिसलं होतं, मॅडम," राजकुमार म्हणाले. "बापाचं नाव होतं, दिसणार नाही का?"

"मग सांगितलं का नाही?"

"वाटलं, तुम्ही मुद्दामच केलंय."

फोन सर्जेरावांनी हातात घेतला, जय भीम केला, आणि पलीकडच्या माणसाशी ते बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिले.

मी मुद्दाम केलं नव्हतं. पण हे मी कुणाला सांगू? त्या घरात सहा वर्षं तो प्रबंध कपाटात होता आणि तो कुणी काढून पाहुण्याला दाखवला नव्हता, असं राजकुमार सांगत होते. एका माणसाला माझ्यामुळं असं वाटलं, की जगानं आपल्या बापाचं नाव जाणून बदललं. याची मला जेवढी लाज वाटते तेवढी कशाचीच वाटत नाही.

मला पुसलं नाही शेवटी. बारावी ओळ काढली, आणि उरलेल्या प्रत्येक ओळीशेजारी आपांनी ती कशासाठी आहे ते लिहिलं. आता मला दाबलं की मी प्रत्येक बदलापाशी थांबतो आणि विचारतो, हे करू का? त्यात वेळ जातो. गिऱ्हाईक कुरकुर करतं. सही आता माझ्यानंतर होते.

मित्रांनो, तुम्हीही मोठे झालात की आपली बटणं बांधाल, हात वाचवाल, जरूर वाचवा. पण जे बांधाल ते अधूनमधून उघडून वाचा. आणि कुणी तुमच्या घरचं नाव बदललेलं दिसलं तर मुद्दाम केलंय असं धरून गप्प बसू नका. जिना चढून वर या आणि सर्जेरावांसारखं पान उघडून समोर ठेवा. तेवीसपैकी पाच घरांचे फोन अजून लागलेले नाहीत. आपा रोज दुकान उघडलं की आधी ते पाच नंबर लावून पाहतात.